दिवटीचा मान

माझे आजोबा कर्नल होते आणि त्यांना शौर्यपदक मिळालं होतं. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर आमच्या गावातलं कुणीतरी पुढं होऊन सांगणारच. पाहुणा एसटीतून उतरला की त्याला पाणी नंतर विचारतात, आधी 'हे कर्नलसाहेबांचं गाव बरं का' म्हणतात. ग्रामपंचायतीत त्यांचा फोटो आहे, शाळेत आहे, सोसायटीच्या हापिसात आहे. तिन्ही ठिकाणी आबा कडक इस्त्रीचे, छातीवर पदकं, नजर समोर. मला त्यातला एकही फोटो आवडत नाही. माझे आबा म्हणजे तोंडाला काजळी, हातावर तेलाचे ओघळ, अनवाणी पाय आणि मुठीत पेटलेली दिवटी. तसा फोटो कुणी काढला नाही. पण ती दिवटी त्यांच्या हातात राहावी म्हणून काय काय झालं, ते मला पाठ आहे.

गाव आमचं मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याचा रस्ता सोडून थोडं आत. वर डोंगर, मधे भाताची खाचरं, खाली नदी. चैत्रात नाथाची जत्रा. जत्रेत घराघराला मान वाटून दिलेले आहेत, ते कुणी दिले कुणालाच माहीत नाही. पहिला नारळ पाटलांच्या घराचा. पालखीचा पुढचा दांडा एका भावकीचा, मागचा दुसरीचा. शिंग फुंकणारं घर वेगळं. आमच्या घराला दिवटी. दिवटी म्हणजे लोखंडी दांड्याची मशाल, टोकाला जुन्या धोतराच्या चिंध्यांचा घट्ट बोळा. त्यावर तेल घालायला दुसरा माणूस, त्याच्या हातात तेलाची बुदली. तो मान तात्यांच्या घराचा. तात्या म्हणजे आबांचे धाकटे चुलतभाऊ, शाळा चौथीपर्यंत आणि तोंड मात्र बारावीपर्यंत, असं आजी म्हणायची.

नारळवाल्यांचं काम एका फटक्यात होतं. दिवटीचं तसं नाही. दिवटीवाला पालखीच्या पुढं चालतो, पण देवाकडं पाठ करून चालत नाही. तोंड पालखीकडं, आणि चालायचं उलटं. देवळापासून वेशीपर्यंतची सगळी वाट त्यानं अशी उलटं चालत उतरायची आणि पुन्हा वर. वाटेत पायऱ्या, गटार, चढ, निसरडी फरशी. दिवा बाजूला आणि खाली धरायचा, म्हणजे भोयांच्या डोळ्यांत जात नाही आणि त्यांच्या पायांपुढं उजेड पडतो. शिवाय तोंडानं वाट सांगत राहायची. 'पायरी.' 'डावीकडं दगड.' 'उतार.' मोठ्यानं नाही, भोयांना ऐकू येईल एवढंच. आमच्या घरात म्हण होती, 'डोळं देवावर, कान पायात.'

आबा हे पोरवयापासून करत आले होते. भोरला मामांच्या घरी राहून शिकले, शिपाई म्हणून भरती झाले, आतल्या परीक्षा देत देत अधिकारी झाले. पण दरवर्षी चैत्र जवळ आला की रजेचा अर्ज. वरिष्ठांनी एकदा विचारलं म्हणे, घरात कुणाचं लग्न आहे का? आबा म्हणाले, नाही साहेब, देव बाहेर पडणार आहे. रजा मिळाली तर आबा यायचे, नाही मिळाली तर तात्या आमच्या घराच्या नावानं दिवटी धरायचे आणि बुदली आपल्या भावाकडं द्यायचे. कुणीतरी धरायचंच. कारण गावचा कायदा असा, की सलग तीन जत्रा मान झाला नाही तर तो घराकडून गेला. मग तो देवळाचा, गाव ठरवेल त्याचा.

आबांच्या उजव्या हातावर दोन तऱ्हेच्या खुणा होत्या. मनगटाजवळ बारीक बारीक पांढरे ठिपके, आणि कोपराच्या वर एक लांब, ओबडधोबड वण. लहानपणी मी एकेका खुणेवर बोट ठेवून विचारायची, हे कशाचं? ठिपक्यांवर बोट ठेवलं की आबा छाती पुढं काढून सांगायचे, "हे नाथाचं. तेल उडलेलं." वणावर बोट ठेवलं की म्हणायचे, "हे सरकारचं." आणि विषय संपायचा. पदक कशासाठी मिळालं, हे आमच्या घरात कुणालाही माहीत नव्हतं. आजी भोंगवलीची, नवऱ्याला टोमणा मारण्यात तिला कधी रजा लागली नाही. ती म्हणायची, "सांगत न्हाईत म्हंजे उंदीर मारला असंल."

आबा निवृत्त होऊन कायमचे गावी आले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. पुण्यात घर घेता आलं असतं, घेतलं नाही. पहिल्या वर्षी त्यांनी भाताची लावणी दोरी लावून सरळ रेषेत करायला लावली. बाया हसून बेजार. एक म्हणाली, "साहेब, भात हाय हे, कवायत न्हाई." आबाही हसले आणि चिखलात उतरले. त्यांना एवढंच हवं होतं, चिखलात उतरायचं आणि कुणी 'साहेब' म्हणायचं नाही. दुसरी गोष्ट त्यांना मनासारखी मिळाली नाही, पण पहिली तरी मिळाली. आणि ते वाट बघत होते चैत्राची. आयुष्यात पहिल्यांदा रजा मागायची नव्हती.

तर त्याच वर्षी गावात यात्रा कमिटी झाली.

कमिटीचा अध्यक्ष चांगला माणूस. हे मी आज म्हणते, तेव्हा म्हटलं नसतं. हौशी, खर्चिक, तोंडात सतत 'नियोजन'. त्याच्या डोक्यात शेजारच्या गावच्या पाहुण्यांचं एक वाक्य अडकून बसलं होतं. कुणीतरी त्याला म्हणालं होतं, 'तुमच्या गावात म्हणं कर्नल मशाल धरतो? तुमाला दुसरा माणूस न्हाई व्हय?' झालं. गावाची इज्जत गेली. जत्रेच्या दिवशी आबा धुवट धोतर नेसून, दिवटी खांद्यावर टाकून देवळात पोचले, तर समोर स्टेज, स्टेजवर खुर्ची, खुर्चीवर पांढरा टॉवेल. पालखीच्या पुढं टेम्पो, टेम्पोवर जनरेटर आणि हॅलोजनचे दिवे. अध्यक्षानं दोन्ही हातांनी, वाकून, आबांच्या खांद्यावरची दिवटी काढून घेतली.

"साहेब, तुमी हितं बसायचं. तुमच्या हातात दिवटी? लोकं शेण घालतील आमच्या तोंडात."

"अरे, पण मान आमच्या घराचा..."

"तुमाला मोठा मान दिलाय साहेब. पहिला नारळ! पाटलांनी स्वतः होऊन सोडलाय तुमच्यासाठी."

आणि पाटील खरंच उभे होते, हातात नारळ घेऊन, डोळ्यांत पाणी आणून. आपल्या घराचा पिढ्यान् पिढ्यांचा मान त्यांनी ह्या माणसासाठी सोडला होता. आता तो नाकारायचा कसा? पाटलांचं तोंड भर सभेत पाडायचं? आबांनी नारळ घेतला, फोडला, आणि खुर्चीत बसले. दिवटीला झेंडूचा हार घालून त्यांच्याशेजारी स्टेजवर उभी केली. टेम्पोच्या उजेडात पालखी निघाली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी अध्यक्षाजवळ गेले आणि म्हणाले, "काका, तुम्ही आमची दिवटी चोरली." आबांनी मला तिथंच त्यांची माफी मागायला लावली. मी मागितली, पण एकेक शब्द दातात धरून.

घरी आल्यावर मी आबांना विचारलं, तुम्ही एवढी मोठी पलटण हलवत होता, एका माणसाला 'नाही' म्हणता येत नाही? ते म्हणाले, "दुश्मन असता तर म्हणलो असतो. ही सगळी माझ्यावर माया करणारी माणसं. मायेपुढं काय मोर्चा लावायचा?" आणि दिवटी कोपऱ्यात ठेवून जेवायला बसले. जेवले नाहीत धड.

दुसऱ्या वर्षी तेच. शाल, श्रीफळ, फेटा, भाषणं. अध्यक्ष माइकवरून म्हणाला, साहेबांनी शौर्याचा प्रसंग सांगावा, पोरांना प्रेरणा मिळंल. आबांनी हात जोडले. घरात शालींचा ढीग झाला. आजीनं एक लोणच्याच्या बरणीवर घातली, एक गाभण म्हशीच्या पाठीवर. "थंडीच्या दिवसांत म्हशीचा पण सत्कार व्हायला पायजे," म्हणाली. पण मला दिसत होतं, आबा बसून बसून म्हातारे व्हायला लागले होते. बर्फात, गोळीबारात जे झालं नाही ते आमच्या गावानं प्रेमानं करून दाखवलं. आणि तात्या तर पेटलेच होते. दोघांचे मान एकत्र जात होते. ते येऊन ओट्यावर बसायचे आणि म्हणायचे, "दादा, आवंदाची तिसरी. आवंदा हात लागला न्हाई तर संपलं. मंग बुदलीत आमी काय, दूध आणायचं डेअरीतनं?"

आबा म्हणायचे, "बघू."

"बघू काय! तुमी बगत बसा. आपलं वाडवडील वरनं बगत्यात, त्यांना काय सांगायचं?"

तिसऱ्या जत्रेच्या सकाळी मी उठले तर आबा अंगणात दिवटी राखेनं घासत होते. घासून झाल्यावर आपलं जुनं धोतर फाडलं, चिंध्या वळल्या, बोळा असा घट्ट बांधला की बोट शिरणार नाही. आजी चुलीजवळून म्हणाली, "अवं, हारच घालणारायत ना तिला? एवढी नटवताय कशापायी?" आबा म्हणाले, "असू दे. हत्यार साफ पाहिजे." मग तात्यांना निरोप पाठवला, बुदली भरून आण. तात्या तणतणत आले, "कशाला? टेम्पो आलाय की तुमचा." आबा एवढंच म्हणाले, "आण म्हणलं ना." तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तात्यांनीही ऐकला नसावा, कारण ते तसेच वळले आणि बुदली भरायला गेले.

दिवेलागणीला देवळापुढं सगळं गाव जमलं. आबांनी नारळ फोडला, शाल घेतली, फेटा बांधून घेतला. पालखी सजून देवळाच्या पायरीशी तयार, भोई शेजारी उभे. टेम्पो घुरघुरत होता. अध्यक्षानं सवयीनं माइक पुढं केला, साहेब, दोन शब्द. आणि आबांनी माइक घेतला.

"दोन वर्सं तुमी म्हणताय, पदक कसं मिळालं सांगा. आज सांगतो."

पोरं रेवड्या चघळायची थांबली. आजी बायकांत बसली होती, तिनं पदर सावरला आणि मान पुढं काढली.

"पण ते बसून सांगता येत न्हाई. चालून दाखवावं लागंल."

"दाखवा, दाखवा साहेब!" अध्यक्षाला आनंद मावेना. त्यानं स्वतः टाळ्या वाजवल्या.

आबांनी बूट काढले. मोजे काढून बुटांत नीट घातले. फेटा खुर्चीवर ठेवला, दिवटीचा हार काढून तोही खुर्चीवर ठेवला. दिवटी उचलली. तात्यांकडं फक्त बघितलं. तात्या एवढ्या लगबगीनं पुढं आले की धोतराचा सोगा पायात आला. त्यांनी तेल घातलं, काडी ओढली. दिवटी भडकली. मग आबा भोयांकडं वळले आणि म्हणाले, "उचला."

आता आमच्या गावात भोयांना कुणी 'उचला' म्हटलं की ते उचलतात. कोण म्हणालं, का म्हणालं, हे बघायची पद्धत नाही. पालखी खांद्यावर आली, ती बघून शिंगवाल्यानं शिंग फुंकलं, शिंग ऐकून ढोल सुरू झाला. आबांनी हात वर करून ढोल हळू करायला लावला आणि माइकमध्ये बोलायला लागले.

"वर बर्फाचं वादळ. वेळ दुपारची, पण डोळ्यासमोरचा हात दिसंना. चौकी दबलेली. आतनं जखमी पोरं काढली, स्ट्रेचरवर घातली. खाली न्यायची. वाट म्हणून काय उरली नव्हती. एका बाजूला कडा. स्ट्रेचर उचलणारी म्हणाली, साहेब, पाय कुठं टाकू? माझ्या हातात कंदील. म्या त्यांच्या पुढं चाललो, तर माझीच सावली त्यांच्या पायाखाली पडाय लागली." ते जरा थांबले. "मंग म्या वळलो."

आणि ते वळले. रस्त्याकडं पाठ, पालखीकडं तोंड. दिवा बाजूला आणि खाली. पहिलं पाऊल मागं टाकलं, आधी चवडा, मग टाच, मग भार.

सगळ्यात आधी आजीला कळलं. "अगं बया," ती मोठ्यानं म्हणाली, "हे तर दिवटीचं चालणं! आन् मला जन्मभर वाटलं बंदूक मारून मिळालं!"

मग गावाला कळलं. एक हुंकार उठला, माणसं स्टेजकडून उठून वाटेकडं पळाली. आबा उलटे चालत निघाले होते आणि बोलत होते. पिठाच्या गिरणीच्या वळणावर म्हणाले, "हितं कडा होता. पायरी, पोरांनो." सोसायटीच्या उतारावर म्हणाले, "हितं एक स्ट्रेचर उचलणारा बसला खाली. म्हणाला, साहेब, मला हितंच सोडा, स्ट्रेचर टेकवा. म्या ओरडलो, अरं, पालखी वाटंत टेकवायची नसते! तो पोरगा लांबच्या मुलखातला, त्याला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. पण उठला बघा." अध्यक्ष माइकची वायर सावरत मागं मागं धावत होता. पिंपळापाशी वायर संपली. माइक सुटला, ओढला गेला, आणि त्यानंतर आबांचं बोलणं ऐकायचं असेल तर पालखीच्या जवळ जाऊन, पावलाला पाऊल लावूनच चालावं लागत होतं. सगळं गाव तसं चाललं. टेम्पो कुठं राहिला होता कुणास ठाऊक. ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून ऐकत चालला होता.

मी तात्यांच्या शेजारून चालत होते. ते बुदलीतून तेल घालत होते आणि रडत होते आणि शिव्या देत होते, तिन्ही एकदम. "हाड्या कुठला," म्हणत होते आपल्या थोरल्या भावाला, "एवढी वर्सं बोलला न्हाई."

वेशीवर जाऊन पालखी परत फिरली, देवळात आली. आबांचा चेहरा काजळीनं भरलेला, मनगटावर नवे फोड. अध्यक्ष समोर उभा, हातात तुटकी वायर. त्या बिचाऱ्याच्या तेव्हा ध्यानात आलं काय झालं ते.

"साहेब, तुमी आमाला फशिवलं."

"व्हय," आबा म्हणाले. "पुढच्या वर्षी टेम्पो मागं लाव. म्हाताऱ्या बायांना घरी जायला उजेड पडंल." मग स्टेजवर जाऊन सत्काराचा नारळ उचलला आणि पाटलांच्या हातात दिला. पाटील घ्यायला तयार नव्हते. आबा म्हणाले, "पाटील, तुमी मला मोठं करायला तुमचा मान सोडला. मला मोठं न्हाई व्हायचं हो. मला गावात राह्यचंय." पाटलांनी नारळ घेतला आणि आबांना मिठी मारली, आणि पाटलांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याची वाट लागली.

पुढच्या वर्षापासून टेम्पो मागं. आजतागायत मागंच आहे.

त्या जत्रेनंतर आबांनी मला अंगणात उलटं चालायला शिकवलं. मी काही मागितलं नव्हतं, पण मी अध्यक्षाशी भांडले ते त्यांना आवडलं होतं, माफी मागायला लावली तरी. हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या द्यायचे आणि घरापासून नदीपर्यंतच्या उतारावर उलटं चालवायचे. पाणी सांडलं की परत वर. "चवड्यानं चाचप. घाबरून भार टाकू नको. आन् तोंड उघड, वाट सांग. मागच्या माणसाला दिसत नसतंय, तुला मागचं दिसत नसतंय. तरी तूच सांगायचं." आई म्हणायची, पोरीला हे कशाला? मान तर पोरांचा असतो. आबा म्हणायचे, "शिकून ठेवलेलं वाया जात न्हाई. माझं गेलं का?" तो उतार मला इतका पाठ झाला की आजही त्यातला कुठला दगड हलतो ते मी डोळे मिटून सांगेन. आता मी मार्गासनीच्या रस्त्याला रोपवाटिका चालवते. दिवसभर टेम्पो भरते, उतरवते, ड्रायव्हरना गाडी मागं घेताना वाट सांगते. माझा आवाज ऐकून ते आरशात बघत नाहीत, एवढा त्यांचा माझ्यावर भरवसा आहे.

गुडघे गेल्यावर आबांनी दिवटी माझ्या वडिलांकडं दिली आणि स्वतः पायरीवर बसून वाट सांगायला लागले. वडील दिवटी धरायचे, पण त्यांना तोंडानं सांगणं जमायचं नाही, मग आबा पायरीवरून ओरडायचे, "सांग की, मुका हायेस का?"

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आबा गेले. सकाळी चहा घेतला, आजीला म्हणाले साखर कमी आहे, आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत. आजी कितीतरी वेळ त्यांना हलवत होती, "अवं, घालते की साखर, उठा."

पुण्याहून लष्कराची तुकडी आली. तिरंगा, बिगूल, पांढऱ्या हातमोज्यांची तरुण पोरं. सगळं शिस्तीत, सुंदर. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ते वॉकरवर. विस्तवाचं मडकं कुणी धरायचं, यावर भावकीत कुजबुज सुरू झाली. आजीनं कुणालाच विचारलं नाही. मडकं उचलून माझ्या हातात दिलं. "हिला उतार म्हाईत हाय," म्हणाली.

मडकं धरणाऱ्यानं सगळ्यात पुढं चालायचं आणि मागं वळून बघायचं नाही, ही रीत. मी पुढं चालले. विसाव्याच्या जागेपर्यंत सगळं नीट झालं. तिथून नदीचा उतार सुरू होतो. रात्रभर पाऊस झालेला, शेवाळ माजलेलं. तिरडीला एका बाजूनं आमच्या गावची माणसं होती, दुसऱ्या बाजूनं जवान, जड बूट घातलेले, ती वाट जन्मात न पाहिलेले. माझ्या पाठीमागं बूट घसरल्याचा आवाज झाला. कुणीतरी "अरे, अरे!" ओरडलं. तिरडी कलली होती. एक तरुण जवान गुडघ्यावर बसला होता, चेहरा पांढराफटक.

मी वळले.

"मागं बघू नको!" चार-पाच जण एकदम ओरडले. "पोरी, पुढं बघ! अपशकुन हाय!"

तात्या काठी टेकत कडेनं चालत होते. आता त्यांचे हात कापतात, पण आवाज तसाच आहे. ते सगळ्यांच्या वर ओरडले, "गप बसा! बगू द्या तिला. दिवटी हाय तिच्या हातात."

मी मडकं उजवीकडं आणि खाली धरलं. समोर आबा होते, तिरंग्यात, झेंडूत. मी पहिलं पाऊल मागं टाकलं. आधी चवडा, मग टाच, मग भार.

"उतार," मी म्हणाले. "डावीकडं दगड हलतोय. त्याच्यावर पाय नको." तो जवान लांबच्या मुलखातला होता, त्याला मराठी येत नव्हतं. पण तो उठला, आणि माझ्या तोंडाकडं बघत त्यानं पाऊल टाकलं, मी दाखवलं तिथंच. मग दुसरं. मी सांगत गेले. पायरी. मुळी. पाणी आहे, हळू. माझा आवाज एकदाही फुटला नाही. पालखी वाटेत टेकवायची नसते. त्या सबंध उतारावर मी आबांकडं बघत होते आणि मला माझ्या पायाखालचं सगळं दिसत होतं.

मग टाचेला थंड, मऊ लागलं.

"वाळू," मी म्हणाले. "पोचलो, आबा." आणि तेव्हा कुठं मला रडायला आलं.